विचित्र जनावरं : कल्याणीच्या चित्त्यापासून माळेगावच्या देवणीपर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित पाठ. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे विचित्र जनावरं. आता हे ऐकून तुमच्या डोळ्यासमोर कदाचित प्लॅटिपस, ध्रुवावरचे पेंग्विन किंवा खोल समुद्रातला दिवे लागलेला मासा आला असेल. तिकडे आपण जाणार नाही. आपण नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतून फार बाहेर पडणारच नाही. पडलो तरी शेजारच्या बिदर जिल्ह्यात जाऊ, आणि तो तरी कुठे परका आहे? १९५६ पर्यंत आपलं उदगीर, अहमदपूर, निलंगा हे सगळं बिदर जिल्ह्यातच होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे एका गाईच्या निमित्ताने परत येणार आहे.

आधी शब्दाचं बघू. आपण आज कुणाला ‘विचित्र’ म्हणतो तेव्हा नाक जरा मुरडलेलं असतं. विचित्र माणूस, विचित्र वास, विचित्र अपघात. पण मूळ संस्कृतात या शब्दाचा अर्थ रंगीबेरंगी, ठिपक्यांचा, नाना तऱ्हांचा, आणि म्हणून बघणाऱ्याला थक्क करणारा. ‘चित्रविचित्र’ म्हणताना मराठीत तो अर्थ अजून थोडा शिल्लक आहे. त्याच ‘चित्र’मधून ‘चित्रक’ आला, अंगावर चित्र असलेला, आणि चित्रकाचा झाला चित्ता. म्हणजे आपल्या भाषेत एका जनावराचं नावच मुळी त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांवरून पडलेलं आहे. तो किती जोरात पळतो, काय खातो, यावरून नाही. आधी कुणीतरी त्याच्याकडे नुसतं बघितलं होतं.

हे बघणं किती जुनं आहे याचा एक भक्कम पुरावा आपल्या अंगणात आहे. लातूर जिल्ह्याची हद्द ओलांडली की पलीकडे बसवकल्याण. हीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथे सहाव्या विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर राज्य करत होता. त्याने ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ सिद्ध केला, साल साधारण ११२९. पाच भाग, प्रत्येक भागात वीस अध्याय, असे शंभर अध्याय. राज्य मिळवावं कसं, टिकवावं कसं, हे आधीच्या भागांत सांगून झालं की हा राजा निवांतपणे उपभोग आणि विनोद यांच्याकडे वळतो. विनोद म्हणजे हसवाहसवी नाही हां, विनोद म्हणजे मन रमवणं. आणि त्याचं मन रमतं कशात? घोड्यांत, हत्तींत, कुत्र्यांत, कोंबड्यांत, लाव्यांत, मेंढ्यांत, रेड्यांत, कबुतरांत, ससाण्यांत, माशांत, हरणांत. जनावरांच्या एवढ्या विनोदांची यादी दुसऱ्या कुठल्या राजाने इतक्या तब्येतीने लिहिली असेल असं मला वाटत नाही.

मासे तर त्याने असे वर्णन केलेत, कुठला मासा केवढा, कुणाला कसलं आमिष चालतं, गळ कसा टाकायचा, की विसाव्या शतकात सुंदरलाल होरा या आपल्या नामवंत मत्स्यशास्त्रज्ञाने त्या अध्यायावर बसून रीतसर लेख लिहिला. आणि हरणांच्या शिकारीच्या भागात येतो आपला चित्रक. पाळीव चित्त्याकडून शिकार करवण्याची भारतातली सर्वांत जुनी नोंद म्हणून अभ्यासक याच ग्रंथाकडे बोट दाखवतात. मोगलांच्या कितीतरी आधी. म्हणजे ज्या माळरानांवर आज आपण सोयाबीन घेतो त्यांच्या आसपास कुठेतरी नऊशे वर्षांपूर्वी एक माणूस चित्ता सोडायचा, आणि दुसरा ते बघून लिहून ठेवायचा.

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. १९४७ साली कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले, ते आपल्याकडचे शेवटचे म्हणून इतिहासात गेले, आणि १९५२ साली सरकारने चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केलं. त्याआधीच संस्थानिकांना देशी चित्ते मिळेनासे झाले होते. कोल्हापूरच्या दरबारात आफ्रिकेतून चित्ते मागवले जात. मग २०२२ साली नामिबियातून आठ चित्ते कुनोला आणले. तारीख होती १७ सप्टेंबर, म्हणजे आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. योगायोगच आहे, पण मला गंमत वाटली. सकाळी इकडे झेंडावंदन, आणि टीव्हीवर दिवसभर चित्ता.

आता जरा मागे, खूपच मागे जातो. मांजरा नदी. बीड जिल्ह्यात बालाघाटात उगम, मग धाराशिव, लातूर, बिदर, तेलंगण, आणि शेवटी गोदावरी. या मांजराच्या काठच्या जुन्या गाळाच्या थरांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी अनेक वर्षं काम केलं. तिथे काय सापडलं? हत्तीचे जीवाश्म. रानबैलाचे जीवाश्म, जो आपल्या वशिंडवाल्या गाईबैलांच्या पूर्वजांच्या गोतावळ्यातला. आणि पाणघोड्याचे. होय, पाणघोडा, जो दिवसभर पाण्यात बुडून राहतो तो. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच लातूरच्या नदीत हजारो वर्षांपूर्वी पाणघोडे डुंबत होते. मी हे एकदा एका शाळेत सांगितलं तर मागच्या बाकावरून एका लेकराने विचारलं, “सर, मग ते गेले कुठं?” हवामान कोरडं होत गेलं, पाणी आटत गेलं, माणूसही होताच, असं काहीबाही मी सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही, ते बरोबरच होतं.

असो. आता आपण मुख्य ठिकाणी येऊ. माळेगाव.

नांदेडहून लातूरला निघालं की वाटेत लोहा तालुक्यात माळेगाव लागतं. इथे खंडोबा. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला यात्रा सुरू होते, देवस्वारी निघते, भंडारा उधळला जातो, आणि पुढचे काही दिवस तो सगळा माळ जनावरांनी भरून जातो. बैल, गाई, घोडे, खेचरं, गाढवं, उंट. महिना का हा? कारण खरिपाचा माल घरात किंवा अडतीवर पोहोचलेला असतो, हातात चार पैसे असतात, रब्बीची पेरणी झालेली असते आणि बैलाला काम नसतं. शेतीचं गणित आणि देवाचं पंचांग आपल्याकडे नेहमी एकमेकांत असं विणलेलं असतं.

आणि देवही असा निवडलाय की जनावरांचा बाजार त्याच्याच दारात शोभावा. खंडोबा घोड्यावर बसलेला, पायाशी कुत्रा. मल्हारी माहात्म्याच्या कथेत मणी दैत्य मरताना आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि देवाजवळ कायमची जागा मागून घेतो. खंडोबाच्या वाघ्यांबद्दल तर लोक सांगतात की हे मूळचे वाघच, देवाच्या दर्शनाने माणसं झाले. जुन्या काळी वाघे कोटंब्यातलं अन्न कुत्र्यासारखं भुंकत खायचे, कारण ते स्वतःला देवाचे कुत्रे मानत. गुंथर सोंथायमर नावाचा जर्मन अभ्यासक या सगळ्यामागे आयुष्यभर महाराष्ट्रात फिरला. धनगर, खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा यांच्यावर त्याने जे लिहिलं ते आजही या विषयाचा पाया आहे. माणूस आणि जनावर यांच्यामधली रेघ या देवाच्या अंगणात जरा पुसट आहे, एवढंच मला सांगायचंय.

बाजारात फिरायला लागा म्हणजे पहिल्यांदा जाणवते ती भाषा. घोड्याचा नुसता ‘पांढरा’ किंवा ‘तपकिरी’ रंग तिथे कुणी बोलत नाही. नुकरा म्हणजे पांढराशुभ्र, कातडी गुलाबी. कुमैत म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ. अबलख म्हणजे दोन रंगांचे मोठे पट्टे. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असला की पंचकल्याणी. गळ्यावर केसांचा भोवरा असला तर देवमण, आणि ते शुभ. भलत्या जागी भोवरा असला तर ती गोम, आणि मग कितीही देखणं जनावर असो, गिऱ्हाईक पुढे सरकतं. घोड्याच्या अंगावरचे आवर्त तपासायची ही विद्या जुन्या अश्वशास्त्राच्या पोथ्यांत आहे आणि सोमेश्वरानेही तिला जागा दिली आहे. पोथी न वाचलेला माणूस आज माळेगावात घोड्याच्या गळ्याखाली हात घालून तेच बघत असतो.

बैलाचं वय तोंडात. दुधाचे दात पडले नाहीत तोवर आदत, पहिली जोडी पडून पक्के दात आले की दुसा, मग चौसा, आणि सगळे दात आले की जुळलेला. भाव मात्र तोंडाने नाही, रुमालाखाली. दोन माणसं हात हातात घेतात, वरून उपरणं टाकतात, बोटं दाबून आकडा सांगतात. आजूबाजूला वीस माणसं उभी असतात, पण भाव दोघांनाच कळतो. मोबाइल आल्यावरही हे अजून पूर्ण मेलेलं नाही.

आता दोन जनावरांपाशी जरा रेंगाळतो, कारण ती आपली आहेत.

पहिलं लाल कंधारी. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचं नाव मिरवणारं. गर्द तांबडा रंग, गाय त्यातल्या त्यात उजळ, वळू जवळजवळ चॉकलेटी काळपट. कान लांब, खाली पडलेले. आणि डोळ्याभोवती काळी कड, जशी काही बाईने काजळ घालून वर बोट फिरवलंय. उन्हात उभं असलेलं लाल कंधारी बघा, पाठीवर रंगाची एक लाट हलताना दिसते. हे जनावर फार दूध देत नाही. पण थोड्या, सुक्या वैरणीवर दिवस काढतं, उन्हातान्हात काम करतं, आणि कंधार-मुखेडच्या डोंगराळ, मुरमाड रानात ज्याला टिकायचं त्याला हेच तर पाहिजे.

याच्या इतिहासाबद्दल एक गोष्ट सगळीकडे छापलेली सापडते: चौथ्या शतकात कंधारचा राजा सोमदेवराय याने या जातीला आश्रय दिला. मला ही गोष्ट गळी उतरत नाही. कंधारचा लिखित इतिहास ठळक होतो तो राष्ट्रकूटांच्या काळात. दहाव्या शतकात तिसऱ्या कृष्णाच्या वेळी इथे मोठं नगर होतं, जगत्तुंगसागर नावाचा तलाव होता, आणि क्षेत्रपालाची एक अवाढव्य मूर्ती होती जिचे तुटलेले अवयव बघूनच आजही छाती दडपते. चौथ्या शतकातल्या राजाने गाईला आश्रय दिला हे सांगायला तेवढ्या तोलाचा पुरावा लागेल, आणि गाईंच्या जातींचे दाखले त्या काळी कुणी ठेवत नव्हतं. मला वाटतं, लोकांना आपल्या जनावराला राजा जोडून द्यावासा वाटतो. पण जनावर काय राजाने केलं नाही. ते केलं त्या शेतकऱ्याने, ज्याने शंभर वेळा ‘हा वळू ठेवायचा, तो खच्ची करायचा’ असा निर्णय घेतला. त्याचं नाव कुठल्याच शिलालेखात नाही, आणि तो निर्णय घेताना कामाबरोबर रंगही त्याच्या डोळ्यात होता. कारण जमीन नांगरायला तांबडा रंग लागत नाही हो! पिवळ्या बैलानेही नांगर ओढलाच असता. एवढ्या मोठ्या टापूत सगळी जनावरं एकाच रंगावर येऊन थांबतात, याचा अर्थ कुणाला तरी तो रंग आवडत होता, आणि पिढ्यान् पिढ्या आवडत राहिला.

दुसरं जनावर देवणी. आता लातूर जिल्हा. देवणी हे गाव, आणि अवतीभवती उदगीर, अहमदपूर, निलंगा, आणि सीमेपलीकडे बिदर. म्हटलं होतं ना, तो जिल्ह्याचा मुद्दा परत येईल. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली, माणसांची कागदपत्रं इकडे-तिकडे गेली, भाषेवरून तालुके वाटले गेले. देवणी वाटली गेली नाही. आज जातीच्या नोंदीत तिचा मुलूख महाराष्ट्र आणि कर्नाटक असा दोन राज्यांत लिहावा लागतो, पण गाईच्या दृष्टीने तो अजून निजामाच्या काळातला एकच सलग टापू आहे.

देवणीच्या अंगावर काळं-पांढरं आहे. पण तसं म्हणून सोडून दिलं तर काहीच सांगितलं नाही. गोपालकांनी त्याला तीन नावं दिली. सगळं अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, तो वानेरा. अंग पांढरं आणि पोटाखालच्या बाजूला काळे ठिपके, तो बालंक्या. आणि सगळ्या अंगभर वेडेवाकडे काळे डाग, कुठे मोठा, कुठे शिंतोडा, तो शेवरा. या तीन वेगळ्या जाती नाहीत, एकाच जातीचे तीन वेश आहेत. आणि शेवरा म्हणजे अगदी जुन्या अर्थाने विचित्र! कुणी पांढऱ्या अंगावर दौत उलटी करावी आणि वरून टाक झटकावा.

ही जात मिश्रणातून झाली असं पशुशास्त्र सांगतं: गीर, डांगी आणि इथलं गावरान रक्त. कपाळ थोडं फुगीर, कान लोंबते, ही गीरची आठवण. काळं-पांढरं, ही डांगीची. गीर सौराष्ट्रातली, डांगी नाशिक-डांगच्या पावसातली. त्या दोघींची गाठ उदगीरच्या माळावर कशी पडली? देवणीला काही ठिकाणी ‘सुरती’ म्हणतात. हे नाव सांगतंय की गुजरातकडून कुणीतरी जनावरं घेऊन इथवर येत होतं, विकत होतं, आणि लोक घेत होते. हा माझा तर्क, पण व्यापाराच्या वाटा आणि जत्रांच्या जागा बघितल्या तर तो फार दूरचा वाटत नाही. म्हणजे ज्या गाईला आज आपण ‘अस्सल लातूरची’ म्हणतो ती एकेकाळची पाहुणी आहे, आणि तिला इथली करून घेतली ती इथल्या डोळ्यांनी. मला हे राजाच्या गोष्टीपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

थोडं विषयांतर करतो. नांदेडचा गावरानी कापूस. निजामी राजवटीत या देशी कापसाचं नाव मोठं होतं, लांब धाग्याचा, आणि तो शुद्ध राहावा म्हणून सरकारने त्याच्यासाठी राखीव क्षेत्रं ठेवली होती. नांदेडला उस्मानशाही मिल होती. कापूस जिनिंगपर्यंत यायचा तो बैलगाडीतून, आणि गाडीला लाल कंधारी किंवा देवणी. मग संकरित वाण आले, नंतर बीटी आलं, गावरानी शेतातून गेला. मिल बंद पडली. गाडी गेली, ट्रॅक्टर आला. साखळीतली एक एक कडी निघत गेली आणि शेवटी उरलं जनावर, ज्याला आता आपण विचारतो, “तू कशाला?”

हा प्रश्न बाजारात रोज विचारला जातो, आणि त्याचं उत्तर पैशातच द्यावं लागतं. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने तासात होते. बैलजोडी वर्षभर पोसावी लागते. दुधासाठी म्हणाल तर जर्सी-होल्स्टीनच्या संकरित गाईपुढे कंधारीचा टिकाव नाही. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात चारा-पाण्याअभावी दावणी रिकाम्या झाल्या. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. त्या कायद्याच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे पुष्कळ आहेत, पण थकलेला बैल विकून नव्याचे पैसे उभे करायचा रस्ता अरुंद झाला हे दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना माहीत आहे. मग २०२२ ला लम्पी आला, राज्यभर गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. एवढं सगळं होऊनही कुणी दावणीला शेवरा ठेवतो तेव्हा तो हिशेबाने ठेवत नाही. त्याला विचारा, तो म्हणेल, “बरा दिसतो दारात.”

‘दारात बरा दिसतो’ हे कारण आपल्या सरकारी कागदात कुठेच बसत नाही, याची मला खंत आहे. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत दोन्ही जातींची नोंद आहे, माळेगावात जिल्हा परिषद पशुप्रदर्शन भरवते, बक्षिसं देते, ते चांगलंच आहे. पण नोंदीची एक दुसरी बाजूही आहे. देशातली बहुतेक गुरं कुठल्याच नोंदलेल्या जातीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी जो इंग्रजी शब्द वापरतात त्याचा सरळ अर्थ ‘वर्णन न केलेली’ असा होतो. अहो, वर्णन न केलेली कशी? गावात जाऊन विचारा. हा कबरा, हा बांडा, हा पवळा, हा मोऱ्या, हा चांद्या, हा हरण्या. प्रत्येकाचं वर्णन झालेलं आहे, फक्त ते ज्याच्या तोंडात आहे तो आता सत्तरीला आलाय आणि त्याच्या नातवाला ट्रॅक्टरचे मॉडेल नंबर तोंडपाठ आहेत.

बघण्याच्या या इतिहासात आणखी एक माणूस आहे, तो सोडून चालणार नाही. नंदीवाला. गुबुगुबु वाजलं की गल्लीतली सगळी लेकरं पळत सुटायची. झूल घातलेला, शिंगांना गोंडे बांधलेला नंदी, आणि नंदीवाला विचारायचा, पाऊस पडंल का? नंदी मान डोलवायचा. त्यावरून आपण आजही कुणाला नंदीबैल म्हणतो, आणि ते काही कौतुकाने नाही. पण काही नंदीवाल्यांकडे वेगळाच बैल असायचा: पाच पायांचा. वशिंडापाशी किंवा पाठीवर एक जास्तीचा, लोंबता, आखूड पाय, त्यावर कवड्यांची माळ, वर रंगीत कापड. पशुवैद्य सांगतील की हे गर्भातच होतं. जुळं वासरू पुरतं वेगळं होत नाही आणि त्याचा एखादा अवयव दुसऱ्याच्या अंगावर राहतो. गोठ्यात असं वासरू जन्मलं तर शेतकरी घाबरायचा, अपशकुन म्हणायचा, आणि नंदीवाल्याला देऊन टाकायचा. नंदीवाल्याकडे आलं की तेच वासरू देव व्हायचं. बायका त्या पाचव्या पायाला हळदकुंकू लावायच्या.

याकडे कसं बघायचं, हे ठरवणं मला अवघड जातं. त्या बैलाला उन्हात मैलोन्‌मैल चालवलं जायचं, त्याच्या व्यंगावर भीक मागितली जायची, हे खरं आहे. आणि हेही खरं आहे की तो जगायचा. गोठ्यात राहिला असता तर कदाचित आठवडाभरही ठेवला नसता. त्या एका बैलावर एक कुटुंब जगायचं आणि त्या कुटुंबात सगळ्यात आधी घास त्याला मिळायचा. २०११ च्या जुलैत केंद्राने अधिसूचना काढली, खेळ करून दाखवण्यासाठी वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांत, म्हणजे अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या यादीत, बैलही घातला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर आपल्याकडच्या बैलगाडा शर्यती थांबवल्या. शर्यतीसाठी मोठी चळवळ झाली, महाराष्ट्राने २०१७ साली कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना वाट मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या सगळ्या वादात शब्द होता शर्यत. शर्यतीच्या बैलामागे गावाची इभ्रत होती, गाडामालक होते, आमदार होते. नंदीवाल्यामागे त्याची बायको होती, डोक्यावर बोचकं घेऊन.

जाता जाता एक ससा. नांदेडजवळ गोदावरीकाठी शिकारघाट गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये नांदेडला होते, इथेच त्यांचं देहावसान झालं. शीख परंपरा सांगते की या घाटावर गुरूंनी एका सशाची शिकार केली; तो ससा म्हणजे गुरू नानकांच्या काळातला मूला खत्री, अनेक जन्म फिरून इथे आला होता, आणि त्याला त्या बाणाने मुक्ती मिळाली. जगात सिंहाचे, हत्तींचे, गरुडांचे स्मारक पुष्कळ आहेत. एका सशाच्या मरणाची जागा जपणारं ठिकाण आपल्या गावाला लागून आहे, आणि आपल्यातले किती जण तिथे गेलेत? तखत सचखंड हजूर साहिबचे घोडे तरी दसऱ्याच्या आणि होळीच्या हल्लाबोल मिरवणुकीत सगळे बघतात. ते गुरूंच्या घोड्याच्या वंशातले, अशी श्रद्धा आहे. त्या घोड्यांवर कुणी स्वार होत नाही, नुसते चालवत नेतात. लोक वाकून नमस्कार करतात.

माळेगावच्या यात्रेला जायचं असेल तर मार्गशीर्षाची अमावास्या कधी आहे ते कॅलेंडरात बघा आणि आदल्या दिवशी पोहोचा. पहाटे जा. प्रदर्शनाच्या मांडवात जनावरं धुऊन-पुसून उभी असतात, ती बघा. पण मांडवाच्या मागे, जिथे विकायला आणलेली बांधलेली असतात, तिथे जास्त वेळ काढा. एखादा शेवरा दिसला तर एकाच बाजूने बघून पुढे जाऊ नका. डाव्या अंगावरचे डाग उजव्या अंगावर नसतात. जुने गिऱ्हाईक म्हणूनच त्याच्याभोवती पूर्ण फेरी मारतात, पुढून, मागून, परत पुढून, आणि मगच मालकाला विचारतात, “काय नाव ठेवलंय ह्याचं?”